सुटलेल्या पोटाचे चार थर

लोकलच्या लेडीज डब्यात कुणीतरी आपलेपणानं उठून जागा देतं आणि विचारतं, “कितवा महिना?” जिला विचारलं तिचं धाकटं मूल तीन वर्षांचं झालेलं असतं. हा प्रसंग थोड्याफार फरकानं मी अनेकींकडून ऐकला आहे. हातपाय बारीक, वजन बाळंतपणाआधी होतं जवळपास तेवढंच, पण पोट मात्र सातव्या महिन्याचं दिसतं. चालून झालं, डाएट झालं, सूर्यनमस्कार झाले. पोट जागचं हललं नाही. मग एखाद्या रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर शोध सुरू होतो आणि ‘टमी टक’ हा शब्द समोर येतो.

वैद्यकीय भाषेत या शस्त्रक्रियेला अ‍ॅबडॉमिनोप्लास्टी म्हणतात. जगभरात दरवर्षी दहा लाखांहून जास्त लोक ती करून घेतात. त्यात बाळंतपणं झालेल्या स्त्रिया असतात, तसेच खूप वजन उतरवल्यावर पोटाची कातडी लोंबू लागलेले पुरुषही असतात. आपल्याकडे तिच्याविषयी दोनच सूर कानांवर पडतात. घरचे म्हणतात, हे नसते चोचले. जाहिरात म्हणते, दोन तासांत सपाट पोट, सुलभ हप्त्यांची सोय. पहिला सूर बाईला गप्प बसवतो आणि दुसरा तिला घाई करायला लावतो. दोन्हींमध्ये तिचं नुकसानच आहे, कारण शांतपणे विचार करायला लागणारी माहिती दोघंही तिला देत नाहीत.

डॉक्टर कोण, खर्च किती, हॉस्पिटल कुठलं, हे सगळं नंतर येतं. आधी कळायला हवं ते हे, की आपलं पोट पुढं आलंय ते नेमकं कोणत्या थरामुळे.

पोटाचे ढोबळमानानं चार थर धरा. सगळ्यात वर कातडी. तिच्याखाली मऊ चरबी, जी चिमटीत येते. तिच्याखाली स्नायूंची भिंत. आणि त्या भिंतीच्या आत, आतड्यांच्या आणि यकृताच्या आजूबाजूला साचलेली चरबी. टमी टक पहिल्या थरावर उत्तम काम करते, दुसऱ्यावर बऱ्यापैकी करते आणि तिसरा शिवून घट्ट करते. चौथ्या थराला ती हातसुद्धा लावत नाही. लावूही शकत नाही. म्हणून पाठीवर सपाट झोपून पाहा. उताणं झोपल्यावर पोट आत जात असेल आणि कातडी दोन्ही बाजूंना ओघळत असेल, तर दुखणं बहुधा कातडीचं आणि स्नायूंचं आहे. झोपल्यावरही पोट घुमटासारखं वर राहत असेल आणि हाताला टणक लागत असेल, तर ते आतल्या चरबीचं असण्याची शक्यता जास्त. अशा पोटावर शस्त्रक्रिया केली तर पैसे जातात, व्रण राहतो आणि पोट थोड्याफार फरकानं तसंच दिसतं. शिवाय आतून दाब असताना स्नायूंची शिवण ताणली जाते, ते वेगळंच.

हा चौथा थर आपल्या लोकांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, आणि ते जगाला पुण्यातून कळलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त असा जो भारतीय देह त्यांनी दाखवून दिला, त्याचं पोट कातडी कापून कमी होत नाही. ते आहार, चालणं, झोप आणि साखरेवर ताबा यांनीच उतरतं. एखाद्या सर्जननं तपासून “तुम्हाला ऑपरेशनचा उपयोग नाही” असं सांगितलं, तर त्याची फी वसूल झाली असं समजावं.

आता तिसरा थर, म्हणजे लोकलमधल्या त्या बाईचं खरं दुखणं. पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना एक पांढरी, चिवट पट्टी जोडून ठेवते. गर्भ वाढतो तशी ही पट्टी रुंदावते आणि स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. शेवटच्या महिन्यांत हे जवळजवळ प्रत्येकीत होतं. तो काही आजार नव्हे. प्रश्न आहे तो नंतर पट्टी पुन्हा आवळते का, हा. नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के स्त्रियांत ही फट होती आणि वर्षभरानंतरही जवळपास ३३ टक्क्यांमध्ये ती उरली होती. म्हणजे तीनांतल्या एकीला हे होतं. ती आळशी आहे म्हणून नव्हे, तिनं बाळंतपणात पोट बांधलं नाही म्हणूनही नव्हे. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट जुन्या सुती साडीनं आवळून बांधतात, तो आधार सुखाचा असतो, चालताना बरं वाटतं. पण त्यानं स्नायू जोडले जातात याला भक्कम पुरावा नाही. “तू नीट बांधलं नाहीस” हा टोमणा म्हणूनच कायमचा बंद व्हायला हवा.

ही फट घरीही चाचपता येते. गुडघे दुमडून उताणं झोपायचं, डोकं आणि खांदे थोडे उचलायचे आणि बेंबीच्या वरखाली बोटं आडवी ठेवायची. दोन बोटांहून जास्त रुंद खळगा लागला किंवा मध्यभागी उभा उंचवटा आला, तर स्नायू दूर आहेत असं धरावं आणि सोनोग्राफीनं खात्री करावी. बेंबीजवळ खोकताना फुगणारी गाठ लागली तर तो हर्निया असू शकतो. त्याचा उपचार निराळा आहे, आणि विम्याचं गणितही निराळं आहे.

फट सापडली म्हणजे लगेच ऑपरेशन, असंही नाही. आधी चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे काही महिने जायला हवं. यूट्यूबवर पाहून केलेल्या क्रंचेसनी मधला उंचवटा कधी कधी वाढतोच. खरा व्यायाम पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू आणि ओटीपोटाचे स्नायू यांना श्वासाबरोबर जागं करण्याचा असतो. त्यानं प्रत्येकीची फट बुजत नाही, पण पाठीतला अशक्तपणा बराच कमी होतो आणि पुढं ऑपरेशन झालंच तर सावरणं सोपं जातं. जिला एवढं करूनही कंबरदुखी आहे, शिंकताना लघवीचे थेंब जातात, मूल कडेवर घेतलं की पोटातून ताकदच लागत नाही, तिच्यासाठी ही शस्त्रक्रिया चोचले राहत नाही. ऑस्ट्रेलियात २१४ स्त्रियांच्या पाहणीत टमी टकनंतर सहा महिन्यांनी कंबरदुखी आणि लघवीवरचा ताबा सुटणं या दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी झालेल्या आढळल्या. तिथल्या सरकारी आरोग्य योजनेनं जुलै २०२२ पासून बाळंतपणानंतरच्या काही रुग्णांना या शस्त्रक्रियेसाठी मदत द्यायला सुरुवात केली. त्यासाठी फट किमान तीन सेंटिमीटर असावी लागते आणि आधी व्यायामोपचार करून पाहिलेले असावे लागतात. आपल्याकडे असा नियम नाही, पण स्वतःसाठी ही मोजपट्टी वापरायला कुणाची हरकत नाही.

वेळ कोणती, याचं उत्तर सोपं आहे आणि तेच बहुतेकींना ऐकायचं नसतं. बाळंतपणानंतर निदान सहा महिने, शक्यतो वर्ष जाऊ द्यावं. अंगावर पाजणं थांबून काही महिने झालेले असावेत. आणखी मूल हवं असेल तर थांबावं. शस्त्रक्रियेनंतरही सुखरूप बाळंतपण होतं, पण शिवलेली भिंत पुन्हा ताणली जाते. वजन किमान सहा महिने एका जागी स्थिर असावं. वजन कमी करण्यासाठीची बॅरियाट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांनी साधारण वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी. २०२५ पासून वजन कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं, माउंजारो आणि वेगोव्ही, आपल्या बाजारात आली आहेत. त्यांनी झपाट्यानं वजन उतरवलेल्यांची कातडी सैल पडते आणि त्यांचीही पावलं आता सर्जनकडे वळतात. हे इंजेक्शन चालू असेल तर ते भूलतज्ज्ञाला सांगितलंच पाहिजे. या औषधांनी जठर उशिरा रिकामं होतं, रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया काय असते, तेही नीट पाहू. ती संपूर्ण भूल देऊन होते आणि दोन ते चार तास चालते. एका कंबरेपासून दुसऱ्या कंबरेपर्यंत, सिझेरियनच्या रेषेच्या आसपास पण तिच्याहून खूप लांब असा छेद घेतात. तिथून कातडी आणि चरबी स्नायूंपासून सोडवत वर बरगड्यांपर्यंत नेतात. बेंबीला देठ असतो हे आपली भाषा जाणतेच. इथं तो खरोखर दिसतो. बेंबी तिच्या देठावर जागीच ठेवतात आणि भोवतालची कातडी मोकळी करतात. मग दूर गेलेले स्नायू मध्यरेषेत मजबूत टाक्यांनी जवळ आणतात, वरची कातडी खाली ओढतात, जादा भाग कापून टाकतात आणि बेंबीसाठी नवी खिडकी करतात. बेंबीच्या खालची कातडी आणि तिच्यावरच्या ताणाच्या रेषा बहुतेक करून निघून जातात. बेंबीच्या वरच्या रेषा खाली सरकतात, पण राहतात. सिझेरियनचा जुना व्रण साधारणपणे या कापलेल्या भागातच जातो. कातडी थोडीच सैल असेल तर छेद लहान घेता येतो, आणि भरपूर वजन उतरलेलं असेल तर तो पाठीपर्यंतही जातो. त्यामुळे ‘टमी टक’ हा एकच शब्द ऐकून दोन मैत्रिणींनी खर्चाची आणि विश्रांतीची तुलना करू नये.

ही शस्त्रक्रिया तशी नवी नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली यांनी १८९९ साली लोंबणारं पोट कापून काढल्याची नोंद केली, तेव्हा हेतू चालण्या-बसण्यातला त्रास कमी करण्याचा होता. व्रण खाली, कपड्यांत लपेल असा नेण्याची कला पुढं ब्राझीलमध्ये बहरली. इव्हो पितांगी यांनी १९६७ साली ३०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. अलीकडची महत्त्वाची सुधारणा दिसायला साधी आहे. वरची कातडी आतून स्नायूंच्या पडद्याला जागोजाग टाके घालून बसवायची, गोधडीला धावदोरा घालतात तशी. त्यानं आत पोकळी कमी राहते, पाणी कमी साचतं आणि काही सर्जन साचलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्याही टाळू शकतात. आपला सर्जन हे करतो का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आता धोके. सौंदर्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये टमी टक ही मोठ्यांपैकी एक आहे. अमेरिकेतल्या २५ हजारांहून जास्त टमी टक शस्त्रक्रियांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णालयात परत यावं लागेल किंवा पुन्हा ऑपरेशन करावं लागेल अशा मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण ४ टक्के होतं. इतर सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये ते १.४ टक्के होतं. त्याहून महत्त्वाचा आकडा पुढचा आहे. नुसती टमी टक केली तर ३.१ टक्के, आणि तिच्याबरोबर शरीराच्या इतर भागांची कातडी ओढणं आणि लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी खेचून काढणं, हे सगळं एकाच वेळी केलं तर १०.४ टक्के. “एकदा भूल दिलीच आहे तर हेही उरकून घेऊ” हे वाक्य दोन्ही बाजूंनी फार सहज बोललं जातं. त्या सहजपणाची किंमत म्हणजे हा आकडा.

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार म्हणजे कातडीखाली पाणी साचणं. ते सुईनं काढता येतं. कंटाळवाणं असतं, सहसा भयंकर नसतं. रक्त साचणं, जंतुसंसर्ग, छेदाच्या मधोमध कातडी काळी पडून जखम उघडणं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, हे कमी वेळा होतं. सर्वांत घातक म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणं आणि ती फुप्फुसात जाणं. पोट घट्ट शिवलेलं, चालणं कमी, भूल लांबलेली, म्हणून इथं हा धोका इतर सौंदर्यशस्त्रक्रियांपेक्षा जास्त. चांगला सर्जन ऑपरेशनआधी प्रत्येकीच्या गाठीच्या धोक्याचा गुणांक काढतो, पायांना दाब देणारं यंत्र लावतो, गरज असेल तर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं देतो आणि त्याच दिवशी चालवतो. २००७ साली अमेरिकेत गायक कान्ये वेस्ट यांच्या आई, प्राध्यापिका डोंडा वेस्ट, सौंदर्यशस्त्रक्रियांनंतर दुसऱ्याच दिवशी ५८व्या वर्षी वारल्या. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आढळला. त्यानंतर कॅलिफोर्नियानं २००९ मध्ये कायदाच केला की अशा शस्त्रक्रियेआधी शारीरिक तपासणी होऊन ती करायला हरकत नाही असं लेखी हवं. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकीनं ईसीजी आणि फिजिशियनचा सल्ला ही औपचारिकता समजू नये.

इथपर्यंतचं कुठल्याही देशातल्या रुग्णाला लागू आहे. पण आपल्याकडे काही गोष्टी तपासणीच्या खोलीत बोलल्याच जात नाहीत, आणि मला सर्वांत काळजी त्यांचीच वाटते.

पहिली मिश्री. डॉक्टर विचारतात, “स्मोकिंग करता का?” बाई म्हणते, “छे हो!” आणि ते खरंच असतं. पण सकाळ-संध्याकाळ ती दातांना मिश्री लावते, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिन धुरातून जावो की हिरड्यांतून, ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं. आणि टमी टकमध्ये वर उचललेली कातडी नेमकी अशाच थोड्या रक्तवाहिन्यांवर जगत असते. जर्मनीत १३२ रुग्णांच्या पाहणीत जखम भरण्याच्या अडचणी धूम्रपान न करणाऱ्यांत १४.८ टक्के आणि करणाऱ्यांत ४७.९ टक्के होत्या. हा आकडा सिगारेटींचा आहे, पण निकोटिनचा परिणाम मिश्रीनं काही थांबत नाही. तेव्हा मिश्री, तपकीर, गुटखा, तंबाखूचं पान, निकोटिनची च्युइंगम, सगळं आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे बंद. आणि डॉक्टरांनीही नुसतं “स्मोकिंग” न विचारता “दातांना काय लावता?” असं विचारावं.

दुसरी गोष्ट पाळी पुढं ढकलण्याच्या गोळ्या. घरात सत्यनारायण, गौरी-गणपती, भावाचं लग्न. बाई मेडिकलमधून पाकीट आणते आणि तारीख पुढं नेते. तिला विचारलं, “हार्मोनच्या गोळ्या घेता का?” तर ती नाहीच म्हणेल, कारण तिच्या लेखी ते औषध नाहीच. पण या गोळ्या हार्मोनच्याच असतात आणि रक्तात गाठ होण्याचा धोका वाढवू शकतात. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचंही तसंच. ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यात अशी एकही गोळी घेतली असेल तर सांगा. रक्त पातळ करणारं अ‍ॅस्पिरिन, काढे, लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, वजन उतरवायची कुठलीशी पावडर, सगळं पिशवीत भरून तपासणीला न्यावं आणि टेबलावर ओतावं.

तिसरी गोष्ट अंगात रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असताना ठरवून करायची शस्त्रक्रिया करण्यात शहाणपणा नाही. दोन-तीन महिने लोह घेऊन मगच तारीख ठरवावी. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर ताब्यात यायला हवी. चौथी गोष्ट पोटावरचे जुने व्रण. नसबंदीचा किंवा सिझेरियनचा व्रण सहसा आड येत नाही, पण पित्ताशयाच्या जुन्या उघड्या शस्त्रक्रियेचा, उजव्या बरगडीखालचा तिरका व्रण असेल तर त्याखालच्या कातडीचा रक्तपुरवठा आधीच तुटलेला असतो. तो सर्जनला स्वतःहून दाखवावा.

संमतिपत्रावर सही करताना घाई नको. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं आहे की एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला चालत नाही. जिवावर बेतलेलं नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. म्हणून कागदावर नेमकं काय करणार ते लिहिलेलं हवं: स्नायू शिवणार का, लायपोसक्शन किती, हर्निया निघाला तर काय. पोट उघडणारच आहोत म्हणून गर्भपिशवीही काढून टाकू, असं कुणी सुचवलं तर उठावं आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचं दुसरं मत घ्यावं. टमी टकमध्ये पोटाची पोकळी मुळात उघडतच नाहीत.

सर्जन कोण असावा? एमबीबीएस, मग एमएस, त्यानंतर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा त्याच तोडीची राष्ट्रीय बोर्डाची पदवी. ‘कॉस्मेटिक सर्जन’, ‘एस्थेटिक एक्स्पर्ट’ ही पाटीवरची अक्षरं आहेत, पदवी नव्हे. नोंदणी क्रमांक मागावा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासावा. भूल कोण देणार, भूलतज्ज्ञ ऑपरेशनभर खोलीत असणार ना, अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की रुग्णवाहिकेनं जावं लागेल, रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. आधीचे-नंतरचे फोटो दाखवतील तेव्हा पाहावं की उभं राहण्याची ढब आणि उजेड दोन्हींत सारखा आहे का, आणि नंतरचा फोटो सहा आठवड्यांचा आहे की वर्षाचा. व्रण दिसणारे, अंतर्वस्त्राची कड खाली केलेले फोटो मागावेत.

पैशांचं थोडक्यात. आरोग्य विमा सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया देत नाही. हे विमा नियामकानं ठरवून दिलेलं प्रमाणित अपवादाचं कलम आहे. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची किंवा वैद्यकीय गरजेची पुनर्रचना त्यातून वगळली आहे. हर्निया असेल तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च मिळू शकतो, टमी टकचा नव्हे, आणि दोन्हींची बिलं वेगळी असावीत. हर्नियाच्या नावाखाली सगळंच बसवून देतो म्हणणारा माणूस उद्या तुमचाच दावा अडचणीत आणेल. बहुतेक उपचार जीएसटीतून मोकळे असले तरी निव्वळ सौंदर्यशस्त्रक्रियेवर १८ टक्के लागतात. पॅकेजचा आकडा त्यांच्यासह आहे का, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर कोण भरणार, ते लेखी घ्यावं.

आणि आता ऑपरेशननंतरचे सहा आठवडे. सर्जनच्या खोलीत याला “रिकव्हरी” म्हणतात. घरात त्याचा अर्थ असा की सहा आठवडे भरलेला कुकर उचलायचा नाही, पाण्याची कळशी नाही, गाद्या नाहीत, सिलिंडर सरकवायचा नाही आणि दोन वर्षांचं पोर हात पसरून आलं तरी कडेवर घ्यायचं नाही. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण. पहिला आठवडाभर कंबरेत वाकून चालावं लागतं, झोपताना पाठीमागे आणि गुडघ्यांखाली उशा लागतात, खोकला आणि शिंक आली की पोटावर उशी दाबून धरावी लागते. बद्धकोष्ठ होऊ देऊन चालत नाही. पट्टा साधारण सहा आठवडे दिवसरात्र, आणि तो एप्रिल-मेच्या घामात नकोसा होतो. बसून करायचं काम दोन-तीन आठवड्यांनी जमतं. व्यायाम आणि ओझं सहा आठवड्यांनंतर, तेही विचारून. सूज महिनोन्‌महिने येत-जात राहते, संध्याकाळी जास्त. बेंबीखालचा भाग बधिर असतो, म्हणून तिथं गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. भाजलं तरी कळत नाही. शेक-शेगडीची सवय असलेल्या आईला हे आधीच सांगून ठेवावं.

तेव्हा तारीख घेण्याआधी घरात बसून ठरवायला हवं की डबे कोण करणार, मुलाला शाळेत कोण सोडणार. अशी शस्त्रक्रिया झाल्याचं लपवून, “जरा हर्निया होता” म्हणून आठव्या दिवशी ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बायका असतात. त्यांच्या जखमा उघडतात तेव्हा दोष शरीराला लागतो, घराला लागत नाही. परदेशातून महिनाभराच्या सुट्टीत येऊन हे करून घेणाऱ्यांनी दिवस उलटे मोजावेत: लांबचं विमान आणि ताजं ऑपरेशन ही दोन्ही रक्ताच्या गाठीची कारणं आहेत, आणि परत गेल्यावर तिथला डॉक्टर दुसऱ्यानं घातलेल्या टाक्यांना हात लावायला नाखूश असतो. महिन्याची सुट्टी यासाठी अपुरी आहे.

व्रण कायमचा असतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत तो आधी काळपट-तांबूस दिसतो, जाड होऊ शकतो, आणि निवळायला वर्ष-दीड वर्ष घेतो. कान टोचलेल्या जागी किंवा लशीच्या जागी ज्यांना वाढीव मांसाची गाठ आली असेल त्यांनी ते आधी सांगावं. सिलिकॉनची पट्टी आणि उन्हापासून जपणं यांचा उपयोग होतो. साडी नेसणाऱ्यांनी परकराची नाडी काही महिने व्रणावर घासणार नाही अशा बेतानं बांधावी, किंवा रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून घ्यावा.

एक प्रश्न मात्र कुठल्याही डॉक्टरनं विचारण्याआधी स्वतःला विचारावा: हे मला हवंय, की नवऱ्याच्या किंवा नणंदेच्या बोलण्यामुळे हवंय? सपाट पोटानं कपडे नीट बसतात, कंबरेला आधार मिळतो, आरशाशी भांडण कमी होतं. हे सगळं खरं आणि मोलाचं आहे. नवऱ्याचं लक्ष परत येणं त्यात येत नाही. आणि दिवसाचे तास पोटाच्या विचारात जात असतील, इतरांना न दिसणारा दोष आपल्याला सतत दिसत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटणं बरं, कारण त्या त्रासाला सर्जनची सुरी लागू पडत नाही.

हे सगळं पार करून जी ऑपरेशनला जाईल, तिनं घरी येताना एक कागद बरोबर आणावा आणि तो फ्रिजवर लावावा. एका पायाची पोटरी सुजली किंवा दुखू लागली, दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली, तर सर्जनच्या फोनची वाट न पाहता थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं. आणि हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच नव्हे, पुढं काही आठवडे लक्षात ठेवायचं. पोटाची एकच बाजू एकाएकी फुगली, ताप चढला, कातडी काळी-निळी पडली, जखमेतून घाण वास आला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं. कागदावर दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत हवेत, आणि तो कागद त्या घरात रात्री जागं राहणाऱ्या माणसाला एकदा वाचून दाखवलेला हवा.